चौदा बंगल्यांचा शेजार

"डोंगर चांगलाच आहे," मेट्रनबाई म्हणाल्या, "पण डोंगर काय संध्याकाळी 'जेवलात का' म्हणून विचारणार आहे? शेजारी कोण कोण राहतं ते सांगा."

विक्री मॅनेजरने हातातलं माहितीपत्रक मिटलं. डोंगराच्या पायथ्याशी, शहरातल्या बड्या लोकांच्या वस्तीत, टप्प्याटप्प्याने बांधलेले ते चौदा आलिशान बंगले. बाहेर काच, आत संगमरवर, आणि न्हाणीघरं अशी की तुमचाआमचा अख्खा संसार त्यात मावावा. दोन वर्षांत त्यातला एकही विकला गेला नव्हता. पण असल्या गोष्टी गिऱ्हाइकाला सांगायच्या नसतात.

"आठ नंबरला डॉक्टर आहेत," त्याने ठोकून दिलं. "सहाला गाणं शिकवणारे एक सर. फार लाघवी माणसं."

बाईंचा चेहरा उजळला. चाळीस खाटांच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली ही बाई निवृत्त झाल्यापासून शांततेने बेजार झाली होती. कोणी कण्हत नाही, कोणी हाक मारत नाही, मग झोप लागावी तरी कशी! परदेशातल्या मुलाने 'आई, छान हवेशीर घर घे' असा धोशा लावला होता. हवा बाईंना कुठेही मिळाली असती. त्यांना माणसं हवी होती.

"शनिवारी पाच वाजता दोघांना इथेच चहाला बोलवा," त्या म्हणाल्या. "माणसं पटली, की लगेच सही करते."

आता खरी गोष्ट अशी, की त्या चौदा बंगल्यांत मिळून एकच माणूस राहत होता, आणि तोही बंगल्यात नव्हे, मागच्या पंपाशेजारच्या खोलीत. त्यांना सगळे दिवेवाले म्हणत. उभा जन्म नाटकांचे दिवे सांभाळण्यात गेलेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी घराघरांत दिवे लावायचे, दोरीवर कपडे वाळत घालायचे, दारात चपला मांडायच्या, म्हणजे वस्ती नांदती दिसते, हे त्यांचं काम. कपडे कंपनीने दिले नव्हते. त्यामुळे त्यांचेच चार शर्ट आळीपाळीने चौदा घरांत वाळत.

"काका, शनिवारी तुम्ही डॉक्टर," मॅनेजरने हुकूम सोडला.

"आणि गाण्याचे सर?"

"त्यांचा घसा बसलाय."

खोटं बोलायचं दिवेवाल्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. पण ही बाई खरंच राहायला आली, तर संध्याकाळी एक तरी दिवा असा लागेल, जो त्यांनी लावलेला नसेल. तेवढ्या एका दिव्याच्या आशेने त्यांनी शर्टाला इस्त्री केली.

"कशाचे डॉक्टर म्हणायचे तुम्ही?" शनिवारी चहा ओतता ओतता बाईंनी विचारलं.

दिवेवाल्यांना आयुष्यात उजेडापलीकडे काही कळत नव्हतं. "डोळ्यांचे," ते म्हणाले.

"अगंबाई, बरं झालं! माझा हा डावा डोळा बघा हो. सारखा पाणावतो."

दिवेवाल्यांनी स्वतःचा एक डोळा मिटून बाईंच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "डाव्या बाजूने उजेड जास्त येतोय," त्यांनी निदान केलं. "जरा उजवीकडे सरका."

बाई सरकल्या. "खरंच बरं वाटलं की!"

इथेच सगळं निभावलं असतं. पण मॅनेजरला स्वस्थ बसवेना. "सर येऊ शकले नाहीत," तो म्हणाला. "घसा बसलाय, शिवाय तापही आहे."

बाई ताडकन उठल्या. "ताप? आणि माणूस घरात एकटा? डॉक्टर, तुम्ही खुशाल चहा काय पिताय! सहा नंबर ना? चला."

"अहो, पण संसर्ग..."

"मी तीस वर्षं संसर्गातच काढलीत!"

मॅनेजरने त्यांना मुद्दाम वळणावळणाच्या रस्त्याने, प्रत्येक झाडाचं कौतुक करत नेलं. "बॅग घेऊन आलोच" म्हणून सटकलेले दिवेवाले वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मागच्या ऐंशी पायऱ्या धावत चढले, सहा नंबरात शिरले आणि तिथे नमुन्याला मांडलेल्या पलंगावर चादर डोक्यावरून ओढून आडवे झाले. श्वास मात्र काही केल्या आडवा होईना.

बाईंनी मॅनेजरला दाराबाहेरच उभं केलं. चादरीखालचा हात बाहेर ओढून नाडी धरली, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"सर, ही तापाची नाडी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पायऱ्या चढून आलेल्या माणसाची आहे. आणि डॉक्टर, चपला तरी काढायच्या! चादर मळली."

चादर खाली आली.

"किती माणसं राहतात हो इथे?"

"मी एकटाच."

"आणि बाकीची?"

"तीही मीच."

मग दिवेवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. कंपनीने सांगितलेलं काम दिवे, कपडे आणि चपला एवढंच होतं. पण तेवढ्याने घर आणखीच रिकामं दिसायचं. म्हणून त्यांनी घराघरांत माणसं बसवली होती. तीन नंबरात तान्हं मूल, तिथे लवकर अंधार. अकराला वाचत बसणारे एक म्हातारबुवा. बारा नंबरातल्या नवराबायकोचं पटत नाही, म्हणून तिथे दोन खोल्यांत दोन दिवे.

"हे करायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही. एकट्याला जेवण जात नाही हो. समोर कोणी आहे असं वाटलं, की दोन घास जातात."

वॉर्डातल्या सवयीने बाईंनी चादरीचे चारी कोपरे नीट खोचले आणि त्या निघून गेल्या. दिवेवाले खोलीवर येऊन बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं. नोकरी जाणार याचं नव्हे, तर बाई येणार नाहीत याचं.

अर्ध्या तासाने मॅनेजर धावत आला. "काका, सही झाली! डॉक्टर फार आवडले म्हणाल्या!"

महिनाअखेरीस बाई नऊ नंबरात राहायला आल्या. त्या संध्याकाळी दिवेवाले आपली फेरी संपवून जेवायला बसणार, तोच फोन वाजला.

"मेट्रन बोलतेय. पाच नंबरात अंधार का?"

"तिथे कोणी नाही, बाई. मला कोणी सुचलंच नाही."

"नाही कसं? दोघी बहिणी आल्यात कालपासून. थोरली जरा खवट आहे. धाकटीला अंधारात झोप लागत नाही. खालच्या खोलीतला लावा. वरचा तिच्या डोळ्यांवर येतो."

"बरं," दिवेवाले म्हणाले. त्यांनी ताट झाकलं, पायात चपला सरकवल्या आणि ते पाच नंबरकडे निघाले.