दसारामजी आणि पहिल्या मजल्यावरचे विरंगुळा केंद्र

आमच्या गावात कोणतीही नवी वस्तू उभी राहिली, की दसारामजी हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहतात, तिला आपादमस्तक न्याहाळतात आणि एकच प्रश्न करतात, "इचारलं काय?"

रस्त्यावर गतिरोधक झाला, तेव्हा त्यांनी ठेकेदाराला गाठले. "सायकलवाल्यायले इचारलं काय?" पुतण्याच्या लग्नात त्यांनी ऐन मंगलाष्टकांपूर्वी भटजींना थांबवून "पोरीले इचारलं काय?" असे विचारले. पोरीने मान डोलावल्यावरच अंतरपाट धरला गेला. म्हैस विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणाले, "मी तयार आहो. तिले इचारून घ्या." गिऱ्हाईक तसेच लाखनीला परतले.

मी तहसील कार्यालयासमोर टेबल मांडून अर्ज लिहितो. शाळा नववीतच सुटली असली, तरी माझ्या 'सबब' आणि 'उपरोक्त' यांना तालुक्यात तोड नाही, असे जाणकार म्हणतात. तेव्हा दसारामजींच्या चळवळीस लेखी स्वरूप देण्याचे कार्य माझ्याकडे यावे, हे क्रमप्राप्तच होते.

चळवळीचे कारण असे. ग्रामपंचायतीने ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र बांधले. टीव्ही, कॅरम, गाद्या, सर्व काही उत्तम; परंतु केंद्र ग्रामपंचायत कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, आणि जिना असा उभा, की तरण्या माणसालाही वर पोचल्यावर पाणी मागावे लागे. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. ज्येष्ठ मंडळी खालूनच वर पाहत राहिली.

"आमाले इचारलं काय?" दसारामजी गरजले.

"शासनाची योजना आहे, बाबाजी," सचिव म्हणाला.

"शासनाचे गुडघे दुखत नसतीन. आमचे दुखतेत."

मग मी अर्ज लिहिला. मागणी एकच : म्हाताऱ्यांसाठी काहीही करण्यापूर्वी म्हाताऱ्यांची समिती नेमून तिला विचारावे. भाषा इतकी भारदस्त उतरली होती, की वाचून दाखवताना मीच दोनदा थांबून स्वतःला दाद दिली. पोच मिळाली. उत्तर मात्र आले नाही.

"मुन्शीजी, तुमचा अर्ज लय भारी झाला," नर्मदाबाई मला म्हणाल्या. "म्हनूनच कोनाच्यानं उचलला नसन."

नर्मदाबाई ह्या चळवळीतील दुसरे प्रमुख नाव. सुपारी कातरत कातरत त्या माणसालाही कातरतात.

पुढे श्रावणातली ग्रामसभा आली. आमच्याकडे त्या दिवसांत धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालतो आणि धडधाकट माणसे शेताच्या बांधीत कंबरेत वाकलेली असतात. म्हणून सभेची गणपूर्ती व्हावी, यासाठी दरवर्षी म्हाताऱ्यांना बोलावून आणतात. त्यांनी सही करावी, चहा प्यावा आणि घरी जावे, अशी जुनी रीत. त्या वर्षी दसारामजींनी सर्वांना कार्यालयाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसवले. आत टेबलावर सरपंचबाई, सचिव आणि चहाची किटली. त्या दिवशी नळयोजनेचा ठराव व्हायलाच हवा होता.

सचिव बाहेर आला. "अंदर चला ना, बाबाजी. चहा थंडा होऊन राहिला."

"चहा खाली आन," नर्मदाबाई म्हणाल्या. "केंद्र वर गेलं, आता चहा तरी खाली येऊ दे."

"अवं, चहा खालीच आहे!"

"मंग बाहेर आन."

शेवटी सरपंचबाई स्वतः आल्या. "बाबाजी, मले काऊन अडचणीत आनून राहिले?"

"बाई, तू माया लेकीवानी. लेक बी भाजी टाकाच्या आधी इचारते, का काय खाता म्हनून."

सरपंचबाई हसल्या, आणि तिथेच प्रकरण मिटले. ज्येष्ठांची समिती झाली. खालची सामानाची खोली रिकामी करून केंद्र तिथे आणायचे ठरले. मंडळी आत गेली. सरपंचबाई म्हणाल्या, आता एकेकाने सांगा, काय काय पाहिजे. लेखनाचे काम अर्थातच मला मिळाले.

नर्मदाबाईंनी संडासात धरायला दांडी मागितली. कोणी बस गावात थांबावी म्हणाले, कोणी कॅरमऐवजी पत्ते. दसारामजींची पाळी आली. ते उठून उभे राहिले. आता राज्याच्या धोरणावर भाषण होणार, अशा समजुतीने मी कोरा कागद पुढे ओढला.

त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"सांगा ना, बाबाजी. तुमाले काय पायजे?" सरपंचबाई म्हणाल्या.

"दुपारी उघडं ठेवा," ते हळूच म्हणाले. "सकाळी घरचे सारे कामावर जातेत, दिवस बुडता येतेत. मधातली दुपार लय मोठी रायते."

एवढेच बोलून ते खाली बसले. 'ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीस्तव मध्यान्हकाळी' असे काहीतरी मी जुळवू लागलो, पण लेखणी पुढे सरकेना. मग ते जसे बोलले, तसेच लिहिले.

नर्मदाबाईंनी अडकित्ता मिटला.

"उद्यापासून कडुनिंबाखाली येत जा गा," त्या म्हणाल्या. "आमी तरी दुपारी कोनते कामाले जातो?"