मार्सची शेजारती

पोंक्षेकाकांचा देव रोज दुपारी बारा वाजता झोपायचा. आणि एकदा तो झोपला की पुढचा अर्धा तास मी मिक्सर लावायचा नाही, असा नियम होता. नियम काकांचा, मिक्सर माझा.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला येऊन आठ दिवस झाले होते. खिडकी उघडी टाकून मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते, तर मागच्या दारावर टकटक. दारात शेजारचे गृहस्थ. स्वेटर, कानटोपी, आणि चेहरा असा की मी यांच्या मालकीची चटणी वाटतेय.

"मराठी ना तुम्ही? मग सांगायला हरकत नाही. देव झोपतायत. तेवढा आवाज बंद करा."

मी त्यांच्या अंगणात पाहिलं. मेपलच्या झाडाखाली सिमेंटचा एक दाढीवाला उभा होता. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चिलखत, हातात अर्धा तुटलेला भाला. आणि खांद्यांवरून खाली सोडलेली निळी गोधडी.

"हे कोण?"

"मार्स. रोमन लोकांचा युद्धाचा देव," काका म्हणाले. साडूची ओळख करून द्यावी इतक्या सहज.

मी नागपूरची. दुपारी झोपणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण उभ्यानं? बाप्पा! मी मिक्सर बंद केला आणि आत जाऊन पोट धरधरून हसले. हसणं ऐकायला घरात कुणी नव्हतं. माझा नवरा सुहास सकाळच्या ट्रेननं शिकागोला जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायला बंदी. दिवसभर मी आणि फ्रीजची घरघर. त्यामुळे खरं सांगते, दुसऱ्या दिवशी बाराला मी खिडकीत तयारच होते.

काका एका व्हॉल्व्हच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. चार बेडरूमचं घर, आणि त्यात काका एकटे. त्यांना सगळं 'रीतसर' लागायचं. चहा आधी कपात की आधी दूध, याला रीत. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ डावीकडून उजवीकडेच काढायचा, यालाही रीत. कार्पेट क्लीनिंगवाल्याचा फोन आला की काका त्याला म्हणायचे, "आधी नाव सांग, मग गाव सांग, मग काम. रीतसर." दोन मिनिटांत तो माणूसच फोन ठेवून द्यायचा. आपण सगळे असल्या फोनवाल्यांना टाळतो, तर इथे ते काकांना टाळायचे. काकांना त्याचं वाईट वाटायचं. "बोलला असता थोडा," म्हणायचे.

तो मार्स त्यांनी गार्डन सेंटरच्या सेलमधून आणला होता. भाला तुटका म्हणून निम्म्या किमतीत. आणला तेव्हा तो कोण आहे हे काकांना ठाऊक नव्हतं. "पण दारात आलेल्याची चौकशी नको का करायला?" म्हणून लायब्ररीत गेले, चांगली पाच पुस्तकं घरी आणली आणि मार्सचं कूळ-मूळ शोधून काढलं. मग मला चहा पाजून ते सगळं ऐकवलं. मंगळवार त्याचा. मार्च महिना त्याच्याच नावाचा. शेतकरीसुद्धा त्याला नवस बोलायचे, पिकावर रोग पडू देऊ नकोस म्हणून.

"आणि दोन जुळे मुलगे होते त्याला," काका म्हणाले. "तान्ही पोरं नदीत सोडून दिली लोकांनी. लांडगीनं दूध पाजून वाढवली. तेव्हा हा कुठे होता? पुस्तकात काही लिहिलेलं नाही."

"लढाईवर असेल."

"काही सांगू नकोस. बाप म्हणून शून्य मार्क." असं म्हणून त्यांनी खिडकीतून मार्सकडे इतकं रागानं पाहिलं की मला त्या सिमेंटची दया आली.

पण शेजारतीचं मूळ पुढेच होतं. रोममध्ये म्हणे मार्सचा भाला जपून ठेवलेला असे. लढाईवर निघण्याआधी सेनापती यायचा, तो भाला हलवायचा आणि म्हणायचा, "मार्स, जागा हो."

"आता विचार कर," काका पुढे सरसावले. "उठवायची रीत होती. म्हणजे झोपवायची असणारच. काकड आरती आहे तिथे शेजारती पाहिजेच. ते लोक विसरले. म्हणून तर सगळा घोळ."

काका मूळचे पुण्याचे. पुण्याच्या माणसानं एकदा तर्क मांडला की तिथे आपला निभाव लागत नाही.

त्यांची शेजारतीही स्वतःची होती. चाल नाही, ताल नाही, मशीनचं मॅन्युअल वाचल्यासारखी. "भाला ठेव बाबा. ढाल ठेव. जोडे काढ. दमलास. झोप आता." मग गोधडी. अर्ध्या तासानं येऊन ती काढून न्यायचे, पण देवाला उठवायचे नाहीत.

"मग रोज रोज कशाला झोपवायचं?" मी विचारलं.

"लहान मूल एकदा झोपवलं की जन्मभर झोपतं का?"

"पण दुपारी बाराला कोण झोपवतं देवाला?"

यावर काका उठले आणि कप विसळायला गेले.

निखिलचं मला इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत कळलं. साबुदाणेवडे तळता तळता एका मावशींनी आवाज खाली आणला. काकांचा एकुलता मुलगा. आई गेल्यावर वर्षभरात इंजिनियरिंग अर्धवट सोडून आर्मीत भरती झाला. तेव्हा इराकमध्ये होता. जाताना बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि काका म्हणाले, मला फोन करू नकोस. पोरानं ते ऐकलं. तेव्हापासून कुणी विचारलं की काका सांगायचे, "तो ट्रॅव्हल करतो."

त्यानंतर मला हसू येईना. काकांच्या घरात टीव्हीवर कापड टाकलेलं का असतं, तेही कळलं: युद्धाच्या बातम्या नकोत म्हणून. इथे पोरगा गेल्याची बातमी आर्मीची माणसं गाडीनं घरी येऊन देतात. दारापुढे अनोळखी गाडी हळू झाली की काका हातातलं काम टाकून उभे राहायचे. गाडी पुढे गेली की खुर्चीत बसायचे. मी हे दोनतीनदा पाहिलं आणि सुहासला सांगितलं. तो म्हणाला, "यार, आपण काय करू शकतो?" खरंच होतं.

जानेवारीत काका बर्फावरून घसरले आणि कंबर धरून बसले. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस ठेवून घेतलं. जाताना स्ट्रेचरवरून मला सांगून गेले, "वर्षा, बाराला गोधडी. बरोबर बारा."

दुसऱ्या दिवशी नेमकी माझी ड्रायव्हिंगची टेस्ट. ही मोठी लाइन. घरी पोचेपर्यंत एक वाजला. तरी गुडघाभर बर्फातून जाऊन मी मार्सला झोपवलं, भाला, ढाल, जोडे, सगळं म्हणून. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन फुशारकीनं सांगितलं.

"किती वाजता?" काकांनी विचारलं.

"एक वाजला थोडा."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तिकडे दहा वाजले."

"तिकडे कुठे?"

काका पांघरुणाची किनार चिमटीत धरून बसले. मग हळू म्हणाले, "निखिल नऊला झोपतो. शाळेत होता तेव्हापासून. त्याच्या आईनं लावलेली सवय, नऊ म्हणजे नऊ. आपले बारा वाजतात तेव्हा तिकडे नऊ होतात. तो झोपला की ह्या मार्सनं जागं राहायचं नाही. एवढंच माझं म्हणणं आहे. आज तासभर हा जागा होता, वर्षा."

मला रडू आलं. माझाच राग येऊन आलं. मी म्हटलं, "काका, फोन करा ना त्याला. आर्मीच्या ऑफिसमधून कुठूनतरी नंबर मिळेल."

"करू नकोस असं मीच सांगितलंय. आता मीच कसा करू? ते रीतसर नाही."

दुसऱ्या दिवशी मी पावणेबारापासून गोधडी घेऊन झाडाखाली उभी होते.

मे महिन्यात एका सकाळी त्यांच्या दारापुढे टॅक्सी थांबली. काका पायरीवर उभे राहिले. मी खिडकीत, हातात लाटणं तसंच. टॅक्सीतून एक उंच पोरगा उतरला. केस बारीक कापलेले, पाठीवर मोठी बॅग.

"जेवलास का?" काकांनी विचारलं.

"नॉट येट, बाबा."

एवढंच. मी घाईघाईनं वरणभात नेऊन दिला. निखिल दोन दिवस राहिला. बापलेक फार बोलले नाहीत, पण ड्राइव्ह-वे दोघांनी मिळून धुतला, डावीकडून उजवीकडे. मग तो टेक्सासला त्याच्या तळावर गेला, आणि ते घर पुन्हा गप्प झालं.

तो गेला त्या दिवशी बाराला काका गोधडी घेऊन बाहेर आले. मला राहवलं नाही, मी गेले.

"काका, आता कशाला? निखिल सुखरूप आला ना."

"आला." काकांनी गोधडी झटकली. "टेक्सासला आणि आपल्याला एकच वेळ आहे, माहितीये? तासांची बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. दर रविवारी फोन कर म्हटलंय. बघू, करतो का."

"मग हे?"

"माझा आला गं." त्यांनी मार्सच्या एका खांद्यावर गोधडी टाकली. "तिकडे अजून पुष्कळ पोरं आहेत. दोन्हीकडची. त्यांचे आत्ता नऊ वाजतायत." मग दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "आणि ह्याला असं झोपवता येतं, हे त्यांच्या बापांना कुठे माहीत असणार?"