दाजीकाकांची बोट

दाजीकाका कुठलीही गोष्ट आधी एकदा खोटी केल्याशिवाय खरी करत नसत. आमच्याकडचे दशावतारी तालमीवाचून रात्रभर नाटक रंगवतात, आणि त्याच मालवणात, आमच्या कुंपणापलीकडे, हा माणूस दाढ काढायची तालीम करायचा! खोटं नाही सांगत. माझ्या थोरल्या भावाला डॉक्टर केलं, हातात अडकित्ता दिला आणि स्वतः आ वासून खुर्चीत बसले. अडकित्ता जवळ येताच असे काही बोंबलले की बाजारातून माणसं धावत आली. काका शांतपणे घाम पुसत म्हणाले, "बरा झाला. आता थंय डॉक्टराकडे ओरडूचंय नाय."

"आधी करून बघूया, मगे करूया," हे त्यांचं पालुपद. त्यांच्या मुलीच्या, शालूच्या, लग्नाआधी त्यांनी अख्ख्या आळीला रिकाम्या पत्रावळींवर जेवायला बसवलं. वाढपी रिकाम्या बादलीतून वाढत होते आणि आम्ही "पुरे, पुरे" म्हणत होतो. माझी आई तणतणत घरी आली. "तो खुळो ता ठीक आसा, पण आमी कित्याक बसलों?"

काकी लवकर गेल्या. किराणा दुकान सांभाळत काकांनी शालूला एकट्याने वाढवलं आणि गिरगावात दिलं. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात ती फार आजारी पडली, तेव्हा थोरली मुलगी कुसू आजोबांकडे आली. आली तेव्हा धड चालत नव्हती. मालवणची हवा लागली आणि पायाला भिंगरी बांधल्यासारखी सुटली. विहिरीवर, गोठ्यात, दुकानातल्या गुळाच्या ढेपेवर, जिथे बघाल तिथे कुसू. मागून धापा टाकत काका.

शालू बरी झाली आणि तिने एका चाकरमान्याबरोबर निरोप धाडला, पोरीला आता आणून सोडा. त्या भल्या माणसाने पुढचंही सांगून टाकलं. शालू रोज रडते म्हणे. पोर मला विसरली असेल, माझ्याकडे येणारच नाही, हा एकच घोर तिला लागला होता.

काकांनी ते फारच मनाला लावून घेतलं. भिंतीवरच्या शालूच्या फोटोसमोर ते कुसूला रोज उचलून धरायचे. "ही कोण गो?"

"आई!" कुसू म्हणायची. काका खूश. मग ती कॅलेंडरवरच्या लक्ष्मीकडे बोट दाखवून तितक्याच उत्साहाने म्हणायची, "आई!"

जावयाला रजा नव्हती. काकांनी ठरवलं, पोरीला मुंबईच्या बोटीने एकट्यानेच न्यायचं. मीही नोकरी शोधायला त्याच बोटीने मावशीकडे निघाले होते. म्हटलं, काका, मी बघेन हो हिला. ते म्हणाले, "तू मधे पडा नको. मी आसंय मा गो!"

झालं, तालीम सुरू. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, टाकलेली बाज ही बोट. भोवती आम्ही शेजारपाजारी वळकट्या घेऊन उतारू. भावाने बाज गदागदा हलवायची, आईने तांब्यातून समुद्र शिंपडायचा. देवघरातला शंख म्हणजे बोटीचा भोंगा, तो काका स्वतः फुंकायचे. शंख वाजला की कुसूने असेल तिथे खाली बसायचं आणि हात पुढे करायचा, मग तिला खाज्याचा तुकडा मिळायचा. आमच्याकडचं गूळ-आल्याचं खाजं, त्यापुढे कुठलं पोर उभं राहील? दोन दिवसांत शिकली. काका म्हणाले, "बघितलंस? अर्धी मुंबई गाठली."

शेवटच्या दिवशी उतरायची तालीम. मला शालू केलं. डोक्यावर पदर घेऊन तुळशीपाशी उभी राहिले. काकांनी कुसूला खाली ठेवलं. "जा, ती बघ आवस. जा तिच्याकडे."

कुसूने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि उलटी धावत जाऊन त्यांच्या गळ्याला अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा खाली पडला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. एरवी सतत माझ्या पायात पायात करणारी पोर, पण माझ्याकडेसुद्धा आली नाही. त्या दिवशी कुणी हसलं नाही. काकांचा चेहरा एवढासा झाला. "असा झाला तर शालूचा काळीज फुटतला गो," एवढंच म्हणाले आणि शंख घेऊन आत गेले.

किनाऱ्यावरून छोट्या पडावातून बोटीवर चढेपर्यंत मी ठणठणीत होते. बोट हलली, पोटात ढवळलं आणि मी जी आडवी झाले ती मुंबईपर्यंत. तेव्हा काका खरोखरच एकटे होते. मी पथारीवरून एक डोळा उघडून काय ते बघत होते.

भोंगा वाजला. कुसू दचकली, पण शहाण्यासारखी बसली आणि हात पुढे केला. काकांनी मोठ्या ऐटीत आजूबाजूला पाहत खाजं दिलं. इथवर सगळं तालमीबरहुकूम. पण तालमीतले उतारू आम्ही होतो ना! त्यामुळे वळकटीवर बसलेला प्रत्येक माणूस आपला, असं त्या पोरीने पक्कं धरलं होतं. ती सरळ कुणकेश्वरच्या एका मासे विकणाऱ्या बाईच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिची भाकरी खाऊ लागली. मग एका कारकुनाच्या अंगावरून चालत पलीकडे गेली. मागून काका दोन भाषांत धावत होते. "साहेब, क्षमा असावी, मूल लहान आहे... कुसू, हय ये गो मेले!"

देवगडला भोंगा वाजला तेव्हा बाईसाहेब जिन्यात होत्या. तिथेच बसल्या. वर माणसं, खाली माणसं, एकाच्या डोक्यावर फणस. फणसवाला खवळला, "गे बाय, उठ!" काका त्याला समजावू लागले, "खाजा गावल्याशिवाय ता उठाचा नाय हो," आणि खिसे चाचपू लागले. खाजं संपलं होतं! शेवटी फणसवाल्यानेच कनवटीचा चण्यागुळाचा लाडू काढून दिला, तेव्हा वाट मोकळी झाली. पुढे प्रत्येक बंदराला लोकच भोंग्याची वाट बघू लागले. कुणी केळं काढून ठेवी, कुणी शेंगदाणे. काकांच्या पोटात मात्र पाण्याचा घोट नव्हता.

"आजोबा, वायच टेका आता," ती कुणकेश्वरची बाई म्हणाली. "मी बघतंय चेडवाक."

"नाय गो बाय," काका म्हणाले. "ता माका आवशीक परत देवचा आसा." आणि कुसूच्या मागे निघाले.

सकाळी भाऊच्या धक्क्याला लागलो. गर्दीत शालू दिसली. वाळून काडी झालेली, पायाच्या चवड्यांवर उभी राहून आम्हाला शोधणारी. काकांनी कुसूला तिच्यासमोर खाली ठेवलं. शालूने हात पसरले. कुसूने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वळून काकांकडे हात वर केले.

आणि काका कडाडले. "चल, चालती हो! रातभर तरास दिलंस माका! माझ्याकडे येव नको!"

ज्या माणसाने त्या पोरीवर कधी डोळेसुद्धा वटारले नाहीत, तो ओरडत होता. कुसूचा ओठ थरथरला. तिने भोकाड पसरलं. काकांनी तिच्याकडे चक्क पाठ फिरवली. मला असा संताप आला! पण तेवढ्यात शालू धावली होती, आणि रडणारी कुसू समोर आले त्या हातांत शिरली, तोंड तिच्या खांद्यात खुपसून गच्च बिलगली.

"बाबा!" शालू हसत होती, रडत होती. "ओळखल्यान माका! बघा, ओळखल्यान!"

"ओळखूचा नाय तर काय!" काका पाठमोरेच म्हणाले. "रोज तुझाच नाव घेय होता."

शालू पोरीला थोपटत पुढे निघाली. मी काकांना गाठलं आणि फणकारले, "एवढं ओरडायचं काही कारण होतं का?"

"हळू बोल," ते म्हणाले. "रडणारा पोर पयल्या मायेच्या हाताकडे जाता. शालूक वाटूक होया, पोर आपणहून इला. तिका सांगा नको हां कधी."

पुढे शालूच्या खांद्यावरून कुसू मागे बघत होती, हुंदके देत, डोळे मोठे करून. काकांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मग माझ्या हातातली पिशवी उगाचच आपल्याकडे घेत त्यांनी विचारलं, "लय जोरात ओरडलंय काय गो मी? भियाला तर नाय मा ता?"