शुक्राच्या राणीचा हंडा

गुणाजी धुरी यांच्या डाव्या कानाची पाळी उजव्या कानाच्या पाळीपेक्षा साधारण अर्धा सेंटिमीटर लांब आहे. त्यांच्या मुलीला, दर्शनाला, हे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं. तोवर तिनं वडिलांकडे नीट पाहिलं नव्हतं असं नाही. पण कानाची पाळी कशात तरी अडकेपर्यंत तिची लांबी मोजायला कुणी जात नाही.

त्या रविवारी दुपारी ती एका तांब्याच्या हंड्यात अडकली. पाळीबरोबर कान, आणि कानाबरोबर सगळं डोकं.

हंडा साधा नव्हता. ‘शुक्रावरची सून’ नावाचा एक मराठी चित्रपट चाळीसेक वर्षांपूर्वी आला आणि आठवड्याच्या आत गेला. शुक्रावरची मुलगी गिरगावात सून म्हणून येते आणि तिची आई, म्हणजे शुक्राची राणी, लेकीला सासरी नीट वागवतात की नाही ते बघायला मागोमाग उतरते, अशी कथा. त्यातलं अंतराळयान म्हणजे प्रेशर कुकर. किरणांची बंदूक म्हणजे पुरणयंत्र. राणीचं शिरस्त्राण म्हणजे उलटा घातलेला हंडा. समोर डोळ्यांसाठी कापलेली खिडकी आणि वर शिंगांसारख्या दोन पळ्या. ज्यांनी तो तेव्हा पाहिला ते विसरून गेले. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, ते मात्र त्याच्यासाठी वेडे झाले. दरवर्षी मुलुंडच्या एका हॉलमध्ये हे भक्त जमतात, पडद्याबरोबर सगळे संवाद म्हणतात, आणि यान उडतं तेव्हा तोंडानं कुकरच्या तीन शिट्ट्या काढतात.

या भक्तांचा पुढारी चैतन्य. घाटकोपरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात फसलेल्या विज्ञानपटांवर आणि पिवळ्या पडलेल्या विज्ञानकादंबऱ्यांवर लांबलचक लेख लिहायचा. “चांगला सिनेमा आपण बघतो, फसलेला सिनेमा आपण सांभाळतो,” हे त्याचं आवडतं वाक्य. दर्शनाची आणि त्याची ओळख रद्दीच्या दुकानात झाली होती. पाताळात राहणाऱ्या यंत्रमानवांच्या एका कादंबरीचं पुढचं टोक तिच्या हातात होतं आणि मागचं त्याच्या. कादंबरी फाटली. लग्न ठरलं. म्हणजे त्या दोघांचं ठरलं. गुणाजींचं ठरत नव्हतं.

गुणाजींचं कधीच काही ठरत नसे. बोरीवलीतल्या त्यांच्या हॉलच्या भिंतीवर रंगाचे चार नमुने दोन दिवाळ्या तसेच होते, कारण प्रत्येक पाहुण्याला वेगळा आवडायचा आणि गुणाजींना प्रत्येक पाहुण्याचं पटायचं. चैतन्यबद्दल तर सगळ्यांनाच मत होतं. सांताक्रूझची थोरली बहीण सुंदराबाई म्हणायची, “बत्तीस वर्षांचो घोडो आणि कुकरची शिटी वाजयता?” गुणाजींना ते पटायचं. बायको जानकी म्हणायची, “अहो, पोरगा निर्व्यसनी आहे.” तेही पटायचं. दीड वर्ष ते “बघू” म्हणत होते. शेवटी चैतन्यच्या घरच्यांनी निरोप पाठवला: या रविवारी हो की नाही ते सांगा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

म्हणून चैतन्य उत्तर ऐकायला आला होता. त्याच संध्याकाळी मुलुंडचा वार्षिक कार्यक्रम होता, म्हणून हंडाही त्याच्या पिशवीत होता. चित्रपटाचे कलादिग्दर्शक विद्याधरकाका आता ऐंशीच्या पुढे होते; त्यांनी जपून ठेवलेला हा हंडा चैतन्यनं बोरीवलीतल्या तांबटाकडून घासून, पळ्या पुन्हा जोडून घेतला होता.

“मी जरा आत जाऊन विचार करतो,” गुणाजी म्हणाले आणि चहाचा कप घेऊन बेडरूममध्ये गेले. पिशवी तिथेच कॉटवर होती.

पाच मिनिटांनी आतून घंटेसारखा आवाज आला. मग दारात गुणाजी आले. खांद्यापर्यंत गुणाजी, पुढे शुक्राची राणी.

“गे जानकी,” हंड्यातून आवाज घुमला. घाबरले की ते मालवणीवर यायचे. “ह्या भायर येणा नाय!”

“अहो पण घातलंत कशाला?”

“काय?”

“घातलंत कशाला म्हणते!”

“काय्येक ऐकाक येणा नाय!”

चैतन्य उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती हे खरं. पण त्या काळजीच्या कडेनं थोडी भक्तीही दिसत होती. “काका अगदी राणीसारखे दिसतायत,” तो हळूच म्हणाला.

“चैतन्य,” दर्शना म्हणाली.

“सॉरी.”

दर्शना पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. कुठलाही पदार्थ ढवळण्याआधी नीट पाहायचा, ही तिची सवय होती. तिनं टॉर्च घेऊन हंड्याच्या खालून आत पाहिलं आणि निदान केलं. हंड्याचा गळा अरुंद, पोट मोठं. डोकं आत जाताना कान मिटले आणि पोटात पोचल्यावर उघडले. आता बाहेर ओढलं की गळ्याची कड पाळ्यांखाली अडकते. उजवी कशीबशी सुटते, डावी सुटत नाही. “ही एकाच दिशेनं उघडणारी झडप आहे,” ती म्हणाली. “ओढू नका. कान सुजले तर अजून घट्ट बसेल.”

हे ऐकेपर्यंत खालच्या मजल्यावरचा दादूमामा, म्हणजे जानकीचा भाऊ, वर आला होता आणि ओढत होता.

“भावोजी, श्वास धरा! एक, दोन…”

“मेलंय मी!” हंडा म्हणाला.

मग जानकीनं खोबरेल तेल आणलं. दर्शना सांगत होती की प्रश्न घर्षणाचा नाही, आकाराचा आहे. पण मराठी घरात तेल एकदा बाहेर आलं की ते लावल्याशिवाय आत जात नाही. तेलानं एक फरक पडला. हंडा डोक्याभोवती सुरेख फिरू लागला. दादूमामानं उत्साहानं फिरवला, खिडकी पाठीमागे गेली, आणि गुणाजींच्या डोळ्यांपुढे संपूर्ण अंधार झाला.

“लाइट गेलो काय?” त्यांनी विचारलं.

“तांबं तापवूया,” दादूमामा म्हणाला. “तापलं की फुगतं. शाळेत शिकवलंय आमका.”

“मामा, ते अर्ध्या मिलिमीटरनं फुगेपर्यंत बाबांची भाजी होईल.”

“मग रवलो एकच उपाय,” दादूमामा गंभीर झाला. त्यानं चपला काढल्या, पूर्वेकडे तोंड केलं, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! आज ह्या धुरींच्या घरात जा काय तांब्याचा संकट इला हा, ता दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” जानकी सवयीनं म्हणाली.

“गुणाजीचा डोक्या जा काय आत गेला हा, ता जसाच्या तसा, कानांसकट भायर काढ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात चैतन्यचाही आवाज होता.

“आणि ह्या पोरांच्या लग्नाचा जा काय घोडा अडलेला हा…”

“मामा!” दर्शना ओरडली.

“एका गाऱ्हाण्यात दोन कामा झाली तर देवाक काय त्रास?” दादूमामा म्हणाला.

देवानं तातडीनं काही केलं नाही. तेव्हा दादूमामा खाली जाऊन लोखंड कापायची करवत घेऊन आला. सगळ्यांनी चैतन्यकडे पाहिलं. जगात असा हंडा एकच होता. चैतन्यनं त्याच्यावर चौदा पानांचा लेख लिहिला होता. मध्यंतरानंतर राणी शिरस्त्राण एकदाही काढत नाही. लेकीच्या सासरी श्रीखंडाचं ताट समोर येतं, तरी ती नुसती बघत बसते. हा त्या चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग. चैतन्यच्या मते तो दोन संस्कृतींमधल्या न ओलांडता येणाऱ्या भिंतीचं प्रतीक होता. आणि आता ती भिंत कापायची होती.

दर्शना थांबून पाहत राहिली. तिला त्याच्याकडून कुठलंही भाषण नको होतं. फक्त तो किती वेळ गप्प राहतो एवढंच तिला बघायचं होतं.

तो दोन श्वास गप्प राहिला.

“कापा,” तो म्हणाला. “विद्याधरकाकांना मी सांगतो.”

त्यानं तिसरा श्वास घेतला असता तर आपण काय केलं असतं, याचा दर्शनानं पुढे कधी विचार केला नाही.

पण तेवढ्यात जानकीनं हंडा सरळ केला आणि खिडकी पुढे आली. गुणाजींना प्रकाश दिसला, आणि प्रकाशात करवत घेतलेला मेहुणा. ते बेडरूममध्ये पळून कॉटच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. “दादू, पुढे पाय टाकलंस तर बघ! माझो गळो आसा ह्येच्यात!”

चैतन्यनं मग विद्याधरकाकांना फोन लावला. सगळं ऐकून म्हातारा जराही दचकला नाही. “घेऊन या त्यांना. काय करायचं ते मला माहीत आहे. आणि वेळेवर या.”

दोन रिक्षा केल्या. पुढच्या रिक्षात मधोमध गुणाजी आणि दोन्ही बाजूंना दर्शना नि चैतन्य. मागच्या रिक्षात जानकी आणि दादूमामा. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं, पळ्या टपाला लागतायत का ते पाहिलं, आणि फक्त एवढंच विचारलं, “हायवेनं घेऊ की आतून?”

जोगेश्वरीच्या सिग्नलला ट्रॅफिक पोलीस वाकून आत डोकावला. “सकाळपासून हेल्मेट घालणारा एक माणूस सापडला,” तो म्हणाला, “तोही रिक्षात. जा.”

वाटेत चैतन्यनं दर्शनाचा हात धरला. मध्ये गुणाजी असल्यामुळे तो त्यांच्या पाठीमागून धरावा लागला.

“काका हो म्हणाले असते, असं तुला वाटतं?” त्यानं विचारलं.

“आत गेले तेव्हा त्यांनी आत्याला फोन लावला असणार. मग आईचं आठवलं असणार. मग डोकं कुठे ठेवायचं ते कळलं नसेल.”

“त्यांना ऐकू येतंय का?”

“नाही.”

“मग सांगतो. मला खूप भीती वाटतेय यार.”

मुलुंडच्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती. कुणाच्या डोक्यावर चाळणी, कुणाच्या कमरेला सोऱ्या. दारात गुणाजी दिसले आणि सगळा हॉल उभा राहिला. दोनशे तोंडांतून कुकरची पहिली शिट्टी, दुसरी, तिसरी. खऱ्या हंड्यात खरं माणूस चाळीस वर्षांत प्रथमच दिसत होतं. कुणीतरी पाया पडलं. कुणीतरी गुणाजींना मंचावर नेऊन खुर्चीत बसवलं. शाल आणि श्रीफळ प्रमुख पाहुण्यांसाठी होतं, ते त्यांनाच मिळालं. दादूमामानं मागून हार पुढे केला, तो पळ्यांवर अडकून खिडकीसमोर लोंबू लागला.

विद्याधरकाका काठी टेकत आले. त्यांनी हंड्यावर बोटानं टिचकी मारली आणि समाधानानं मान हलवली. “अगदी तस्सा बसलाय.”

“काका, काढायचा कसा?” चैतन्यनं विचारलं.

“काढायचा नाही. नाद सोडायचा. ओढणं थांबलं की सूज उतरते, सकाळी आपोआप निघतो. तिचाही सकाळीच निघाला.”

“तिचा? कुणाचा?”

“राणीचं काम करायची तिचा. स्टुडिओ एकच दिवस मिळाला होता. दुपारी हा अडकला. काय करणार? मध्यंतरानंतरचा सगळा सिनेमा तसाच उरकला. बिचारी श्रीखंडाकडे नुसती बघत होती. सकाळपासून उपाशी होती हो.”

हॉलमध्ये माइक चालू होता. दोनशे माणसांनी ते ऐकलं. चौदा पानांचा लेख डोळ्यांदेखत विरघळताना चैतन्यचा चेहरा कसा झाला, ते दर्शनानं पाहिलं. मग तो हसायला लागला. इतका, की त्याला मंचाच्या पायरीवर बसावं लागलं. “म्हणजे खरंच भूक होती ती! म्हणूनच एवढी चांगली होती!” पुढच्या रांगेतला एक जण लगेच म्हणाला की भूक हे त्याहून मोठं प्रतीक आहे.

“पण मग आम्हाला मुलुंडपर्यंत कशाला बोलावलंत?” जानकीनं कंबरेवर हात ठेवून विचारलं. “सकाळी निघणारच होता तर?”

“कार्यक्रमाला हंडा नको का?” विद्याधरकाका म्हणाले.

सूत्रसंचालकानं माइक हंड्याच्या खिडकीपाशी धरला. “राणीसाहेब, दोन शब्द!” लोक ओरडू लागले. त्याच वेळी जानकीच्या पर्समध्ये फोन वाजला. सांताक्रूझहून सुंदराबाई होती. “अगो, त्येका सांग, होकार देव नको म्हणान!” फोनमधून एवढं ऐकू आलं. जानकीनं फोन हंड्याला लावला. हंडा ढिम्म. दादूमामा एका बाजूनं काहीतरी ओरडून सांगत होता, विद्याधरकाका दुसऱ्या बाजूनं, आणि समोर दोनशे माणसं. गुणाजींपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. आत फक्त त्यांचा स्वतःचा श्वास चालू होता, आणि ते तो ऐकत बसले होते. दर्शनाला खिडकीतून त्यांचे डोळे दिसले. इतके निवांत डोळे तिनं त्यांचे कधी पाहिले नव्हते.

ते उठून उभे राहिले.

“हय आत बरा आसा,” ते म्हणाले. हंड्यामुळे आवाज सगळ्या हॉलभर घुमला. “कोणाचा काय्येक ऐकाक येणा नाय. दुपारपासून मी माझ्याच मनातला ऐकतंय. साठ वर्षांत पयल्यांदा.” ते थांबले, पळ्यांवरचा हार बाजूला केला आणि खिडकीतून खाली पायरीवर बसलेल्या चैतन्यकडे, मग दर्शनाकडे पाहिलं. “चैतन्य, घराक फोन कर आणि सांग. दर्शनाचा लगीन तुझ्याशीच होतला. माझो होकार आसा.”