चालायला हवं

शब्दांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. हे मी गर्वाने म्हणत नाही, माझं पोटच त्यावर आहे. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून बसतो, आणि ‘बसतो’ हा शब्द अगदी विचारपूर्वक वापरतोय. लग्नपत्रिकेपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळं माझ्या नजरेखालून जातं. कुठे ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झालेली दिसली की मला घास गोड लागत नाही. माणसं बोलताना गिळतात तो अनुस्वारसुद्धा मला ऐकू येतो! तेव्हा ‘तुम्ही चुकीचा अर्थ लावलात’ असं मला कोणी म्हणणं, हे जरा अतीच होतं.

पण म्हटलं. आणि म्हणणारी बाई साधीसुधी नव्हती, सर्जन होती!

सगळं नीट सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, दोन्ही किडन्या थकल्या. एक दिवस आड तिला हॉस्पिटलात डायालिसिसच्या यंत्राला जोडून ठेवायचे. आई सतत आजारी असायची, त्यामुळे लहानपणी मला आंघोळ घालून, भांग पाडून, हाताला धरून शाळेत सोडलं ते ताईने. माझ्या वाटणीचा मारही बऱ्याचदा तिनेच खाल्ला. आता तिला कोणाची तरी एक किडनी हवी होती. भाऊजींची जुळली नाही. मुलीची घ्यायला ताई तयार होईना. माझी मात्र जुळली! मला आयुष्यात कसलंही बक्षीस मिळालेलं नाही. तो रिपोर्ट हातात घेऊन मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो आणि चक्क रडलो.

डॉक्टरीणबाईंनी मला समोरून पाहिलं, मग जरा वळायला सांगून बाजूनेही पाहिलं.

“किडनी उत्तम आहे,” त्या म्हणाल्या, “पण तिच्याभोवती तुम्ही फार आहात. वजन उतरवा. मग तारीख देते.”

“उतरवतो!” मी म्हटलं. ताईसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. फक्त त्या ‘काय वाटेल ते’मध्ये व्यायाम येतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

माझं आणि व्यायामाचं कधीच जमलं नाही. शाळेत कवायतीच्या तासाला सगळी रांग उजवीकडे वळायची तेव्हा मी मास्तरांकडे तोंड करून उभा असायचो. त्यामुळे घरी आल्यावर बायकोने पहिला शब्द उच्चारताच ठिणगी पडली.

“उद्यापासून जेवण कमी आणि सकाळी व्यायाम,” ती म्हणाली.

“जेवण कमी केल्यावर व्यायाम कशाला? टाकीत पाणी सोडणं बंद केलं की पातळी आपोआप उतरते. त्यासाठी टाकीने जोरबैठका काढायच्या नसतात!”

“टाकी गच्चीवर चढलेली तरी असते! तुम्ही पहिला मजला चढत नाही!”

“मी डॉक्टरांनाच विचारतो,” मी म्हटलं.

आणि विचारलंही. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन लावला. मागे मशीन धडधडत होतं, त्यामुळे मी ओरडून बोलत होतो आणि पलीकडून त्याही ओरडून बोलत होत्या.

“डॉक्टर, नुसतं डाएट केलं तर चालेल ना?”

“चालायला हवं!” त्या म्हणाल्या.

“नक्की ना?”

“म्हणजे काय! चालायलाच हवं!”

“मग करतो सुरू!”

“आजपासूनच करा!”

इतकं स्पष्ट! घरी जाऊन मी बायकोला हा संवाद शब्दशः ऐकवला. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

“अहो, रोज चालायला जायला हवं, असं तर नाही ना म्हणायचं त्यांना?”

मी हसलो. तेव्हा मी हसलो, हे लिहितानाही आता कसंतरी होतं.

“हे बघ,” मी म्हटलं, “प्रश्न काय होता? ‘डाएट केलं तर चालेल ना?’ उत्तर काय आलं? ‘चालायला हवं.’ क्रियापद तेच, कर्ता तोच. कर्ता कोण? डाएट! चालायचंय ते डाएटने. या वाक्यात मी कुठे आलोच नाही!”

“एकदा विचारून घ्यायला काय जातं?”

“त्या कामात असतात गं!”

झालं. माझं डाएट सुरू झालं, आणि सांगायला अभिमान वाटतो की त्यात मी कुठेही लबाडी केली नाही. सकाळी काकडी, दुपारी सूप, संध्याकाळी उकडलेल्या भाज्या. त्या भाज्यांकडे बघून वाटायचं, यांचंही कोणीतरी गेलंय. छापखान्यात बाजूच्या टेबलावर कोणी बिस्किटाचा पुडा फोडला की त्या आवाजाने माझी ओळ चुकायची. एका सत्काराच्या पत्रिकेत ‘त्यांनी आपले स्वप्न साकार केले’ असं अगदी शुद्ध छापून आलं होतं. मी ते लाल शाईने सुधारून ‘साखर’ केलं! मालक प्रूफ घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“हे काय आहे?”

“चुकून झालं.”

“त्यांचा सिमेंटचा कारखाना आहे हो!”

मालकांनी मला घरी पाठवलं नाही, कारण ताईचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फक्त बिस्किटांवर बंदी घातली. सगळ्या छापखान्याने माझ्यासाठी तोंड बांधून घेतलं, आणि मला फार अपराधी वाटलं.

चालण्याबद्दल म्हणाल तर होतं नव्हतं तेही मी सोडलं. माझा हिशेब सरळ होता. चाललं की भूक लागते, भूक लागली की डाएट मोडतं, आणि डाएट मोडलं की ताईचं ऑपरेशन लांबतं. म्हणजे मी बसून राहतोय ते ताईसाठीच! पाण्याचा जग टेबलावर आणून घेतला. टीव्हीचा रिमोट उशीखाली ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तर बसची वाट बघत उभा राहायचो, म्हणजे थांब्यावर बाक असेल तर बसायचो. बायको दोन-तीनदा काही बोलायला आली, आणि मी बोट वर करून “कर्ता!” एवढंच म्हटलं.

एकदा ताईपाशी बसून मी भुकेचं रडगाणं लावलं होतं. ती यंत्राला जोडलेली, डोळे मिटून ऐकत होती. मधेच सिस्टरने तिला पाणी दिलं. बाहुलीच्या भातुकलीतला असावा एवढासा कप! ताईने एक घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला.

“एवढंच?” मी विचारलं.

“जास्त प्यायलं की अंगात साठतं रे. दिवसाचं ठरलेलं असतं.” मग तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “गाल उतरले ढब्बू तुझे. त्रास होतोय ना फार?”

लहानपणापासून मी तिचा ढब्बूच आहे. त्यानंतर मी भूक हा शब्द तिच्यासमोर काढला नाही. घरी येऊन नळाखाली पेला धरला आणि तो भरताना मला तिचा तो कप दिसायला लागला. त्या रात्री उकडलेल्या भाज्याही गेल्या नाहीत.

आणि वजन उतरलं! खरंच उतरलं! पँट कमरेवरून घसरायला लागली, पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली. लोक विचारायचे, “व्यायाम कुठला करता?” मी म्हणायचो, “काही नाही! सगळा जिभेवरचा ताबा!” असं म्हणताना बायकोकडे बघायचो. ती बिचारी मान खाली घालायची.

तपासणीच्या दिवशी ताईही आली होती, भाऊजींच्या हाताला धरून. तारीख मिळणार म्हणून तिने चांगली साडी नेसली होती. काट्यावर उभं राहण्याआधी मी कमरेचा पट्टा काढून बायकोच्या हातात दिला. उगाच त्याचंही वजन कशाला? काटा बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

“शाब्बास! हे मला अपेक्षितच नव्हतं. आता जरा यावर चालून दाखवा.”

‘यावर’ म्हणजे ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर. पायाखालची जमीन मागे जाते आणि आपण जिथल्या तिथे राहायचं. माझ्या छातीला वायरी चिकटवल्या आणि सिस्टरने बटण दाबलं. पहिली काही पावलं मी अगदी ऐटीत टाकली. मग पोटऱ्यांना कंप सुटला. मग श्वास कुठे ठेवला होता तेच सापडेना! त्यातच पँटने कंबर सोडायला सुरुवात केली, कारण पट्टा बायकोच्या हातात! मी एका हाताने दांडी धरली, एका हाताने पँट.

“थांबवायचं का?” सिस्टरने विचारलं.

‘थांबवा’ म्हणायला दम नव्हता. मी समोर दिसलं ते बटण दाबलं. ते वेग वाढवायचं होतं! पुढे मला एवढंच आठवतं की मी दांडी सोडली पण पँट सोडली नाही. सरकत्या पट्ट्याने मला मागे नेऊन चादरींच्या ढिगावर व्यवस्थित ठेवून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, यंत्रातून आलेला कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

“रोज किती चालता?”

“चालत नाही.”

“म्हणजे? मी फोनवर तुम्हाला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. चालायला हवं! चालायलाच हवं!”

मी चादरींवर बसून त्या वाक्यातला कर्ता शोधत होतो, आणि तो मीच होतो. बायकोने काहीही म्हटलं नाही. आमच्या संसारात तिला बोलायची याहून चांगली संधी कधी आली नव्हती. तिने पुढे होऊन फक्त पट्टा माझ्या हातात दिला.

“वजन उतरवायला जेवण कमी करणंच जास्त कामाला येतं, ते तुम्ही केलंत,” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “पण नुसतं उपाशी बसलात. चरबीबरोबर अंगातली ताकदही गेली. मला तुम्हाला भूल द्यायची आहे, किडनी काढायची आहे, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवून चालवायचं आहे. हृदयात आणि फुफ्फुसांत एवढाच दम असताना मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. एकीला वाचवताना दुसरा गमवायचा नाहीये मला. नीट खा, रोज चाला, मग या.”

बाहेर बाकावर ताई बसली होती. तिने माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. तरी मी सांगितलं. शब्दाचा घोळ सांगितला, कर्ता-क्रियापद सांगितलं, चादरी सांगितल्या. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. साडीच्या पदराची एक घडी घातली, ती उलगडली, परत घातली.

“म्हणजे अजून थांबायचं,” ती म्हणाली.

एवढंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं. लाल शाईने खाडाखोड करून दुरुस्त होणाऱ्या चुकांवर मी आयुष्य काढलं. ही चूक तिच्या अंगात साठत होती, त्या पाण्यासारखी. मला मान वर करवेना. तिच्या पायांना सूज होती, चपलेचे बंद रुतले होते, ते मी बघत राहिलो.

थोड्या वेळाने तो पाय हलला. ताई भाऊजींचा हात सोडून उभी राहिली.

“ऊठ,” ती म्हणाली.

“कुठे?”

“मलाही चालायला सांगितलंय रोज, झेपेल तेवढं. तू एकटा जाणार नाहीस, मला ठाऊक आहे. ऊठ म्हणते ना, ढब्बू!”

तेव्हापासून आमचं असं चाललंय. तिच्या डायालिसिसच्या दिवशी आम्ही लवकर जातो आणि तिचा नंबर लागेपर्यंत हॉस्पिटलचा तो लांबलचक बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. एरवी तिच्या घरासमोरच्या रस्त्यावर. ती हळू चालते, पण थांबत नाही. मी जोरात सुटतो आणि खिडकी आली की बाहेर काहीतरी बघायचं निमित्त काढतो. घरी बायको मला नीट जेवायला घालते आणि ‘कर्ता’ हा शब्द अजूनही काढत नाही. तो ती कधीतरी काढणार, या धास्तीनेही थोडं वजन उतरत असावं. तारीख अजून मिळालेली नाही. पण मिळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि या वेळी मी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं.

परवाचीच गोष्ट. बोळाची शेवटची फेरी चालली होती. ताई माझ्या पुढे पोचली होती आणि मी भिंतीला हात लावून उभा होतो. समोरून नवीन सिस्टर चाकांची खुर्ची ढकलत आली. डायालिसिसच्या पेशंटला न्यायला आली होती. तिने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ माझ्यापुढे खुर्ची आणून लावली.

“बसा काका. एवढं अंगावर काढायचं नसतं. नातेवाईक कोण आहे बरोबर?”

“मी,” ताई म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या खांद्यावर हात दाबून मला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच्या मुठी धरल्या.

“अहो, मी ढकलते ना,” सिस्टर म्हणाली.

“नको,” ताई म्हणाली, “मीच नेते जपून. माझी किडनी आहे त्याच्यात.”