हद्दीच्या दगडापासून चाळीस मीटर

मोजमापात माझी चूक होत नाही. बढाई नाही ही, बावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्याची सवय आहे. म्हणून परदेशात, गावापासून लांब, वीज नाही, नळ नाही अशी जमीन आम्ही घेतली, तेव्हा आखणीसाठी माणूस बोलवायला मी नवऱ्याला साफ नकार दिला.

"अगं, पण हद्द..."

"नकाशात आहे. कोपऱ्यावर पांढरा चौकोनी दगड. तिथून पूर्वेला चाळीस मीटर सोडायचे आणि घर बांधायचं."

दगड सापडला. घडीव, गुलाबीसर पांढरा. शेजारच्या गाईवाल्या काकांची जनावरं त्याच्याभोवतीच घोटाळत. सावलीसाठी येत असतील, असं मी धरलं. तिथे सावली नव्हती.

अंतर तीनदा मोजलं. तिसऱ्या वेळी दोन सेंटिमीटरचा फरक आला. पोलादी टेप उन्हात वाढते. गणित केलं, त्यात एक सेंटिमीटर बसला. उरलेला नवऱ्याच्या नावावर टाकला.

महिन्याभरात जाड ओंडक्यांवर एका खोलीचं लाकडी घर उभं राहिलं. छपरावर सौर पॅनेल, मागे पावसाच्या पाण्याची टाकी, वीस पावलांवर संडासाचा खड्डा. शहरातली भाड्याची जागा आम्ही सोडून दिली. आता डोक्यावर छप्पर म्हणजे हेच.

काका रोज येत, टोपी काढून गप्प उभे राहत, आणि जात.

"कामाबद्दल किती आदर आहे बघ," मी म्हणाले.

"मला तो माणूस आजारी वाटतो," नवरा म्हणाला.

राहायला आलो त्याच्या दहाव्या दिवशी काका घडी पडलेले कागद घेऊन आले.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा ना."

"माझी जमीन नक्की कुठवर आहे?"

मला गंमत वाटली. "तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत होती. पण तुम्ही तीन-तीनदा मोजत होतात, वहीत लिहीत होतात. म्हटलं, हद्द दाखवताना आपलेच वडील चुकले असतील. जमिनीच्या कचेरीत दोनदा जाऊन आलो. ते म्हणतात, काहीच बदललेलं नाही. बायको म्हणते, शिकलेली बाई आहे, उगाच नाही दुसऱ्याच्या रानात घर बांधणार."

"अहो काका, मी तुमच्या हद्दीच्या दगडापासूनच..."

"कुठल्या?"

मी बोट दाखवलं. एक गाय तो दगड मन लावून चाटत होती.

काकांनी टोपी काढली. "ताई, ते मीठ आहे. गाईंना चाटायला ठेवतो. संपलं की नवा ठोकळा. ट्रॅक्टर थांबेल तिथे."

नवऱ्यानं हळूच विचारलं, "मीठ म्हणजे सोडियम क्लोराइडच ना गं?"

खरा दगड आमच्या घराच्याही पुढे, पूर्वेला, गवतात सापडला. आमचं घर काकांच्या हद्दीत अकरा मीटर आत होतं. त्यांनी 'उचला' म्हटलं असतं, तर त्या रात्री झोपायला जागा नव्हती.

"म्हणजे वडील बरोबर होते?" काकांनी विचारलं.

"हो. चूक माझी."

"तेवढं बायकोसमोर सांगा. बाकीचं बघू."

सांगितलं, त्यांच्या स्वयंपाकघरात, उभ्यानं. काकूंना कमी ऐकू येतं. तीनदा सांगावं लागलं, दर वेळी आवाज चढवून. शेवटच्या वेळी गोठ्यातला गडीही दारात येऊन ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी ट्रॅक्टर जोडला आणि ओंडक्यांसकट घर ओढत आमच्या जमिनीत आणून ठेवलं. पॅनेल आले, टाकी आली. खड्डा मात्र ओढून आणता येत नाही. नवा खणायला घेतला तर हातभर खाली खडक लागला.

"राहू द्या, तोच वापरा," काका म्हणाले. "शेजारी कशाला असतात?"

त्यामुळे रोज सकाळी मी हद्द ओलांडून शेजाऱ्यांच्या रानात जाते. काकूंच्या खिडकीतून ती वाट सरळ दिसते. त्या आतून हात हलवतात. मीही हलवते, बादली दुसऱ्या हातात घेऊन.