मास्तरांच्या मापाचं हँडल

"अख्ख्या गावाचे खांदे, छात्या आणि ढेऱ्या मापल्यात मी! एका सायकलचं माप मला जमणार नाही?"

डोळ्यांपायी शिवणकाम सोडलेले मास्तर गळ्यात टेप अडकवून गरजले. समोर मुलाची, लग्नानंतर इथेच राहिलेली रेसची सायकल उभी होती. तिचं हँडल इतकं खाली आणि इतकं लांब, की बसणाऱ्याने रस्त्यात पडलेलं काहीतरी शोधत शोधतच जावं.

लग्न करून मुलगा दुसऱ्या शहरात गेला, तेव्हापासून त्याचा फोन म्हणजे "तब्येत बरी ना? ठेवतो." या वेळी मात्र स्वारी चक्क पुढे बोलली होती. "बाबा, माझ्या सायकलचं हँडल वर आणि जवळ घेता येईल का हो? कंबर दुखणाऱ्या माणसाला झेपेल असं? रविवारी येतोय मी."

घरात दुखरी कंबर एकच होती. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं.

"बघितलंस? पोराला बापाबरोबर सायकलवर जायचंय!"

"असं म्हणाला तो?" बायकोने विचारलं.

"सगळंच बोलून दाखवायचं असतं का? धर टेप!"

मास्तरांनी स्वतःचंच माप घेतलं. खांद्यापासून मनगटापर्यंत, कोपराला थोडी माया सोडून. हँडल धरणारी आखूड दांडी सायकलवाल्याकडून आणली. जुन्या दांडीच्या वर नुसत्या बसलेल्या रिंगा नव्या दांडीखाली घातल्या, हँडल वर आलं. बोल्ट मात्र त्यांनी अर्धेच आवळले. आधी कच्चे टाके, मग ट्रायल, मग पक्की शिलाई, हा त्यांचा जन्माचा नियम. कोटाच्या बाबतीत तो बरोबरच होता!

ट्रायलला मास्तर ऐटीत निघाले. पाठ ताठ, कोपर सैल, कंबर गप्प! कोपऱ्यावर त्यांनी हँडल वळवलं. हँडल वळलं. चाक मात्र सरळ गेलं, ते थेट वकीलबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींत!

"चोर! चोर!" वकीलबाईंनी चादरीतल्या गाठोड्यावर झाडू हाणला.

"अहो बाई, मी मास्तर!"

"मास्तर? माझ्या काळ्या कोटाच्या बाह्या आखूड करणारे?" आणि त्यांनी आणखी दोन हाणले.

घरी बायकोने कंबर शेकून दिली. मास्तर कण्हत होते, पण खुशीत कण्हत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे बोल्ट नीट आवळले आणि बुटांना पॉलिश केलं.

रविवारी मुलगा गाडीतून उतरला तोच सायकलकडे धावला. फाटकापर्यंत चक्कर मारून आला.

"बाबा, कमाल केलीत! अगदी सासऱ्यांच्या मापाचं! त्यांचीही कंबर तुमच्यासारखीच. आम्ही दर रविवारी सोबत जातो ना, तिथल्या सायकलवर फार वाकावं लागतं बिचाऱ्यांना."

मुलं मोठी झाली की आईबापांची चौकशी करतात आणि सासरच्यांची सोय.

"तुम्ही कुठे निघालात का? बूट घातलेत म्हणून विचारलं."

"छे! जरा पाय मोकळे करायला."

मुलगा आत पाणी प्यायला गेला. पाना मास्तरांच्या खिशातच होता. बोल्ट अर्धे सैल करायला कितीसा वेळ? व्याह्यांच्या रस्त्यावरही कुणाच्या तरी चादरी वाळत असतीलच! मास्तरांनी पाना काढला, बोल्टला लावला, क्षणभर थांबले. मग दात-ओठ खात एकेक बोल्ट आणखी आवळला. आयुष्यात कच्च्या टाक्यांचा कपडा त्यांनी गिऱ्हाइकाला कधी दिला नव्हता.

"व्याह्यांना सांग, निर्धास्त वळा म्हणावं," ते मुलाला म्हणाले.

सायकल गाडीत चढली. गाडी गेली. बायको दारातच उभी होती.

"सांगायचं तरी होतं त्याला, स्वतःसाठी केलंत म्हणून!"

"काय सांगू?" मास्तर खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. "जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं. एकदाच स्वतःच्या मापाचं केलं, तर ते व्याह्यांना बसलं! तेही असं, की एक टाका उसवावा लागला नाही!"